पूर्ण नाव काय?

(तरुण मित्रमैत्रिणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर एकच काम करतो, काय कुठे अडकलंय ते शोधायचं. त्यामुळे मला जेव्हा सांगितलं गेलं की ‘मुंबईत भाड्याचं घर’ या विषयावर बोल, तेव्हा मी म्हटलं, भेदभाव होतो का यावर मी बोलणार नाही. इथे बसलेल्यांना ते मी सांगायची गरज नाही. मी एवढंच सांगेन की गेल्या वर्षी करी रोडला नव्या इमारतीत घर शोधताना आमची गाडी नेमकी कुठे कुठे अडली, आणि मला ते कसं कळलं.

आधी घरची माहिती. माझे आजोबा साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातून गिरणीत आले. लालबागला गावकीच्या खोलीत राहिले. म्हणजे एका गावची पंधरा-वीस माणसं, एक खोली, पाळीप्रमाणे झोपायचं. अब्बांनी पुढे काळाचौकीला एका चाळीत भाड्याने खोली घेतली. जानेवारी १९९३ मध्ये ती सोडली. तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. त्या डिसेंबर-जानेवारीतल्या ९०० मृत्यूंची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली. आमच्यासारखी नुसती घर सोडून गेलेली माणसं कितीतरी. आमच्या ओळखीतली बरीच कुटुंबं गेली तिकडेच आम्ही गेलो, मुंब्र्याला. मी तिथेच वाढलो, तिथूनच इंजिनिअर झालो. मुंब्र्याबद्दल मी वाईट ऐकून घेत नाही. पण माझं ऑफिस लोअर परळला, बायको परळच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. दोघंही रोज स्लो लोकलने.

९ जून २०२५ ची सकाळ तुम्हाला आठवत असेल. दिवा आणि मुंब्र्याच्या मधल्या वळणावर दोन गाड्यांच्या दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासली आणि खाली पडली. काही परत घरी आलीच नाहीत. माझी बायको त्या वेळी मुंब्र्याच्या प्लॅटफॉर्मवर पुढच्या गाडीची वाट बघत होती. संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, आता ऑफिसजवळ घर बघू या, परवडेल तेवढं लहान चालेल. आणि नवीन इमारत हवी. अम्मीचे गुडघे गेलेत, लिफ्ट पाहिजे. शिवाय दर पावसाळ्याआधी म्हाडा दक्षिण मुंबईतल्या अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी लावते. त्या यादीतल्या घरात मुलाला घेऊन जायचं तिच्या मनात नव्हतं.

करी रोडला ‘नवीन इमारत’ म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असतात. हे मला आधी माहीत नव्हतं, आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे, म्हणून थोडं सांगतो.

एक म्हणजे गिरण्यांच्या जागेवरचे टॉवर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर बऱ्याच गिरण्या पुन्हा धड उभ्याच राहिल्या नाहीत. १९९१ च्या विकास नियमात असं होतं की गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये बदल झाला आणि हा हिशेब फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीला लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल कायम ठेवला. त्यातून आज करी रोडच्या पुलावरून जे दिसतं ते उभं राहिलं. तिथली घरं गुंतवणूक म्हणून घेतलेली, मालक परदेशात किंवा मलबार हिलला, भाडं लाखाच्या आसपास आणि वर.

दुसरा प्रकार म्हणजे जुन्या चाळींचा पुनर्विकास. चाळ पाडतात, बिल्डर दोन इमारती बांधतो, एक विकायची आणि एक जुन्या भाडेकरूंची. लोक तिला ‘रिहॅब विंग’ म्हणतात. दरवाजा वेगळा, लॉबी साधी, लिफ्ट लहान. पण घर नवं, आणि मालक म्हणजे आपल्यासारखीच माणसं. पोरं डोंबिवली-बदलापूरला मोठं घर घेऊन गेलेली, आणि इथलं साडेतीनशे-चारशे फुटांचं घर भाड्याने देऊन म्हाताऱ्यांचं औषधपाणी चालतं. आमच्या बजेटात हेच बसत होतं. तरी सुरुवातीला मी दोन्हीकडे फोन केले, कारण कुठे काय चालतं ते कळत नव्हतं.

आता गंमत. माझं आडनाव इनामदार.

तुमच्यात पाटील असतील, देशमुख असतील, चौगुले, मुकादम, देसाई असतील. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. फोनवर संवाद असा व्हायचा.

‘नाव?’

‘इनामदार.’

‘अच्छा, इनामदार साहेब. गाव कुठलं?’

‘सातारा.’

‘वा, आपलेच की! व्हेज-नॉनव्हेज?’

‘नॉनव्हेज.’

‘चालेल हो, इथे सगळे मासे खाणारे. फॅमिली किती?’

‘आम्ही दोघं, मुलगा आणि आई.’

‘उत्तम. शनिवारी या, चावी माझ्याकडेच आहे. पूर्ण नाव सांगा फक्त, गेटच्या ॲपमध्ये एन्ट्री टाकावी लागते.’

मी पूर्ण नाव सांगायचो. मग दोन सेकंद शांतता. मग, ‘जरा मालकांशी बोलून कळवतो हां.’ आणि फोन यायचा नाही.

पंधरा दिवसांत मला ती दोन सेकंदं ओळखू यायला लागली. आणखी पंधरा दिवसांत वाईट गोष्ट अशी झाली की जिथे ती नव्हती तिथेही मला ती ऐकू यायला लागली. एका बाईंनी सांगितलं, घर कालच गेलं. मी घरी येऊन चिडचिड केली की बघा, पुन्हा तेच. आठवड्याने त्याच इमारतीखाली आमच्या ऑफिसातला एक मुलगा सामान उतरवताना दिसला. घर खरंच गेलं होतं, तोच राहायला आला होता.

तेव्हा मी एक्सेल शीट बनवली. हसू नका, माझा धंदा तो आहे. वेबसाइट उघडली नाही तर आम्ही ‘नेट खराब आहे’ म्हणून बसत नाही. तुमच्या मोबाईलवरून निघालेली विनंती पाच-सहा ठिकाणांहून जाते, त्यातल्या कुठल्या ठिकाणी ती पडली ते बघतो. घराचंही तसंच आहे. तुम्ही, मग ब्रोकर, कधी दुसरा ब्रोकर, मग मालक, मग सोसायटीची कमिटी. मी प्रत्येक घरापुढे लिहायला लागलो की नकार कोणी दिला, कोणाच्या नावावर दिला, आणि ज्याच्या नावावर दिला त्याला कोणी विचारलं होतं का. सप्टेंबरपर्यंत शीटमध्ये ४१ घरं झाली.

आमच्या टीममध्ये एक कदम आहे. माझ्याच वयाचा, तोही घर शोधत होता, पगारही तेवढाच. त्याला मी नऊ घरांचे नंबर दिले, जिथे मला ‘कळवतो’ म्हटलं होतं. दोन ठिकाणी फोनच उचलला नाही. दोन घरं खरंच गेली होती. उरलेल्या पाच ठिकाणी त्याला त्याच दिवशी बघायला बोलावलं. अमेरिकेत घरभाड्याच्या भेदभावाविरुद्ध कायदा १९६८ साली झाला. सारख्याच पगाराचे दोन माणूस एकाच घरासाठी पाठवून नोंद करायची, ही तिथली रुळलेली पद्धत. १९८२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असंही म्हटलं की असा तपासणी करणारा माणूस स्वतः कोर्टात जाऊ शकतो. आपल्याकडे दिल्लीत अभ्यासकांनी हीच पद्धत वापरली, आणि मुस्लिम नावाला परत येणारे फोन कमी असतात हे लिहून ठेवलं. पण ते कोर्टात कुठल्या कलमाखाली न्यायचं? राज्यघटनेचं कलम १५ धर्मावरून भेदभाव करू नका असं सरकारला सांगतं. त्याच कलमात दुकान, हॉटेल, विहीर, रस्ता यांचा उल्लेख आहे, तिथे कोणालाच अडवता येत नाही. खासगी मालकाच्या भाड्याच्या घराचा त्यात उल्लेख नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘फक्त पारशांनाच सभासदत्व’ हा नियम मान्य केला. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात मुसलमानांना घर मिळण्यात अडचण येते हे नोंदवलं आणि समान संधी आयोग सुचवला. संसदेत खासगी विधेयकही आलं होतं. कायदा झालेला नाही.

म्हणून कोणी तुम्हाला ‘केस टाकू’ म्हणाला तर आधी विचारा, कशाखाली.

हा त्रास पैशाने सुटतो असंही नाही. शबाना आझमींनी २००८ मध्ये जाहीर मुलाखतीत सांगितलं होतं की मुसलमान म्हणून मुंबईत घर मिळायला अडचण आली. आणि हे फक्त आपल्यालाच होतं असंही समजू नका. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा दाखवायलाच नकार मिळाला, ‘महाराष्ट्रीयन अलाऊड नाही’ म्हणून. त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. त्यानंतर पंकजा मुंडे यांनीही सांगितलं की सरकारी बंगला सोडून घर शोधताना त्यांनाही मराठी म्हणून असंच ऐकायला मिळालं. आपण मराठीही आहोत आणि मुसलमानही. म्हणजे काही इमारतींत आपल्याला दोन वेगवेगळ्या कारणांनी नाही म्हणता येतं. आणि दलित मित्रांना विचारा, ‘आडनाव काय’ हा प्रश्न त्यांच्या कानाला कसा लागतो.

ऑगस्टच्या शेवटी गणपती आले. लालबागला गणपतीत घर शोधणं म्हणजे वेडेपणा. रांगा थेट करी रोड स्टेशनपर्यंत, ब्रोकर मंडळाच्या कामात. गणपती संपले तर लगेच पितृपक्ष. पितृपक्षात कोणी ॲग्रीमेंट करत नाही, नव्या घराची चावी देत नाही. मुलाचं पुढच्या वर्षीचं शाळा प्रवेशाचं बघायचं होतं, त्याला पत्त्याचा पुरावा लागतो. मी थकलो होतो.

तेव्हा कदमने ती गोष्ट सुचवली, जी मला वाटतं इथल्या निम्म्या लोकांना कोणी ना कोणी सुचवली असेल. म्हणाला, ॲग्रीमेंट माझ्या नावावर करू, राहा तुम्ही. मनापासून म्हणाला. मी दोन दिवस त्यावर विचार केला. खोटं कशाला बोलू, मला ते पटायला लागलं होतं. घरी सांगितलं. बायको म्हणाली, मग दारावर पाटी कोणाची? अम्मी घरात दखनी बोलते. ती म्हणाली, ‘दूसरे के नाम के घर में मैं मरी तो मय्यत कौन के घर से निकलेगी रे?’

अम्मीचं बाजूला ठेवलं तरी हिशेबाने बघा. ॲग्रीमेंट दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्या कागदावर तुम्ही घरात नाहीच. पोलिसांना राहणाऱ्यांची माहिती द्यावी लागते, तिथे खरं नाव लिहिलं तर पकडलं जाणार, नाही लिहिलं तर गुन्ह्याला निमंत्रण. पासपोर्ट, गॅस, शाळा, बँक, कशालाच तो पत्ता वापरता येत नाही. आणि ज्याने उपकार केला तो अडकतो. ज्यांनी नाइलाजाने असं केलंय त्यांना मी नावं ठेवत नाही. आम्ही नाही केलं एवढंच.

उलट मी ठरवलं की फोनवर पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव सांगायचं. नुसतं ‘इनामदार’ म्हणणं हेही अर्धं लपवणंच होतं, आणि ते मी पाच-सहा आठवडे करत होतो. पूर्ण नाव आधी सांगितल्यावर फोन लवकर संपायला लागले. पण शनिवार वाचले. एवढाच फायदा झाला, मोठं काही झालं नाही.

शीट मात्र कामाला आली. ती बघताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. ब्रोकर म्हणतो मालक नाही म्हणतात. मालक म्हणतो माझं काही नाही हो, सोसायटी. सोसायटीच्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो आम्ही कुठे, मालकाची इच्छा. नकार सगळीकडे होता पण कोणाचाच नव्हता.

एका टॉवरचं सांगतो. ब्रोकर म्हणाला, सोसायटीचा रूल आहे, मुस्लिम फॅमिली घेत नाहीत. मी महारेराच्या साइटवर त्या प्रकल्पाची नोंद काढली, मग खाली ऑफिसात जाऊन विचारलं. ती इमारत इतकी नवी होती की सोसायटी अजून नोंदलीच गेली नव्हती. कमिटी नाही, सेक्रेटरी नाही, सभा नाही, ठराव नाही. सगळं बिल्डरच्या मेंटेनन्सवाल्यांच्या हातात. ज्या सोसायटीने मला नाकारलं ती जन्मालाच आली नव्हती! खालचा माणूस म्हणाला, ‘आमच्याकडे असा काही नियम नाही. मालकाने ॲग्रीमेंट आणि पोलिसांची कॉपी दिली की आम्ही कार्ड बनवतो.’ ते घर आम्हाला मिळालं नाही. मालकाने आमच्यापेक्षा जास्त भाडं देणारा घेतला. खरं सांगू, तो नकार मला आवडला.

मग ३८ नंबरचं घर. स्टेशनपासून सात-आठ मिनिटं, रिहॅब विंग, एक बेडरूम, अकरावा मजला. ब्रोकर म्हणाला, मालक जुने गिरणी कामगार आहेत, जुन्या विचारांचे, नको म्हणतात. इमारतीखाली एक किराणावाला आहे, त्याला विचारलं की अकराव्या मजल्याचे मालक कुठे असतात. त्याने सरळ फोन लावून माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, काका, मी अमुक, पूर्ण नाव, तुमचं घर मला बघायचं होतं, पण ब्रोकर म्हणतात तुम्हाला मुसलमान भाडेकरू नको. तसा प्रश्न असेल तर सांगा, मी वेळ घेत नाही.

पलीकडून काका म्हणाले, ‘मला कोणी विचारलंच नाही.’

मग म्हणाले, ‘तीन महिने घर बंद आहे, मेंटेनन्स माझ्या खिशातून जातंय, आणि हा भाडेकरू परत पाठवतोय होय?’

मला इथे थांबून एक सांगायचंय. मी हा प्रसंग सांगितला की लोक लगेच म्हणतात, बघा, गिरणगावातला भाईचारा. तसं काही नव्हतं. काकांना भाडं हवं होतं. ते पुढे म्हणाले की आमच्या गिरणीत विणकाम खात्यात साच्यावर कितीतरी मुसलमान होते, एकत्र डबे खाल्ले. खरं आहे ते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मोमीन विणकर पुष्कळ होते. पण त्याच खात्यात दलित कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि बाकीच्यांना विटाळ वाटे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी तो प्रश्न काढला होता. अमर शेखांची शाहिरी ज्या गल्ल्यांनी डोक्यावर घेतली, त्याच भागातून १९९३ मध्ये अब्बा मला खांद्यावर घेऊन निघाले. तेव्हा आठवणींवर घर मागू नका. काकांना भाडेकरू पाहिजे होता, आम्हाला घर, आणि मधल्या माणसाने परस्पर दोघांच्या वतीने नाही म्हटलं होतं. शीटमध्ये मी नंतर मोजलं. ज्या ज्या ठिकाणी मी मालकापर्यंत पोचू शकलो, अशी सात घरं होती. त्यात तीन मालकांनी स्वतः सरळ नाही म्हटलं. चौघांना कोणी विचारलंच नव्हतं. सात म्हणजे काही संशोधन नाही. पण चार घरं म्हणजे चार घरं.

ब्रोकर वाईट माणूस होता असंही मला वाटत नाही. त्याचं गणित असं की पुढे कमिटीने कटकट केली तर त्याचे दोन महिने फुकट जातात, म्हणून तो आधीच चाळणी लावतो. त्याला पैसे सौदा होण्याचे मिळतात, विचारण्याचे नाही.

आणि कमिटीने कटकट केलीच. सेक्रेटरी म्हणाले, एनओसी देता येणार नाही, लोकांची हरकत आहे. इथे कायदा उपयोगी पडतो, म्हणून हे नीट ऐका. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने घर भाड्याने देताना संस्थेला आधी कळवायचं असतं, ॲग्रीमेंटची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. कळवायचं. परवानगी मागायची नसते. घरात मालक राहत नाही म्हणून संस्था बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, तेही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. कोणत्या धर्माचा भाडेकरू चालेल हे ठरवण्याचा अधिकार त्यात कुठे नाही. तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे करता येते. पण ती मालकाने करायची, कारण सभासद तो आहे. भाडेकरूचं तिथे कोणी ऐकून घेत नाही. म्हणून मालक तुमच्या बाजूने उभा नसेल तर उपविधी छापून नेऊन काही होत नाही.

मी कागद काकांना दिला. ते कमिटीच्या ऑफिसात गेले, मी बाहेर उभा. आत आवाज चढला होता. एक वाक्य ऐकू आलं, ‘माझ्या घरात कोण राहणार ते मी बघतो, तुम्ही लिफ्ट बघा, आठवड्यातून दोनदा बंद असते.’

मग मला आत बोलावलं. दोन प्रश्न विचारले. बकरी ईदला काय करणार? मी म्हटलं, कुर्बानी देवनारला होते, आमची नेहमी तिथेच. दुसरा, घरात माणसं जमतात का? मी म्हटलं, मुलाच्या वाढदिवसाला जमतात. हे प्रश्न त्यांनी कदमला विचारले नसते हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. मी उत्तरं दिली. तुमच्यापैकी कोणाला वाटेल द्यायला नको होती. असेलही. बाहेर बायको मुलाला घेऊन उभी होती, आणि मला घर हवं होतं.

घटस्थापनेनंतर दोन दिवसांनी ॲग्रीमेंट झालं. कागदांचं सांगतो, कारण इथे आपली मुलं फार निष्काळजी असतात. घर मिळालं या आनंदात स्टँप पेपरवर सही करून मोकळी होतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: लिव्ह अँड लायसन्स लेखी असलं पाहिजे आणि नोंदलेलं असलं पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नोंदलेलं नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. आता सगळं ऑनलाइन होतं, आधार आणि बोटाचा ठसा. खर्चही फार नाही. आमचं भाडं ४८ हजार, डिपॉझिट दोन लाख, ११ महिने. भाड्याचे झाले ५ लाख २८ हजार. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, ते ११ महिन्यांचं सुमारे १८ हजार ३००. बेरजेवर पाव टक्का स्टँप ड्युटी, म्हणजे १४०० रुपयांच्या आत. नोंदणी फी एक हजार. एवढ्यासाठी पुढचे अकरा महिने छातीवर दगड ठेवून राहू नका. काही मालक तुमचं नाव बघून म्हणतील, नोंदणी कशाला, विश्वास आहे ना. अशा वेळी विश्वास नाही म्हणा.

दुसरं, इमारत नवी आहे म्हणून सगळं ठीक आहे असं धरू नका. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, बघा. मोठ्या टॉवरला ते टप्प्याटप्प्याने मिळतं, खालच्या मजल्यांना आधी. तुमचा मजला त्यात आहे का ते बघा. ऑक्टोबर २०२१ मध्ये करी रोडलाच एका टॉवरच्या १९ व्या मजल्यावर आग लागली आणि गॅलरीला लटकलेला एक सुरक्षारक्षक खाली पडून गेला. त्यामुळे अग्निशमनाची यंत्रणा चालू आहे का, जिना मोकळा आहे का, हे विचारायला लाजू नका. आमच्या मजल्यावर जिन्यात कोणीतरी जुना सोफा आणि सायकली ठेवल्या होत्या. मी पहिली तक्रार त्याचीच केली. सेक्रेटरींना वाटलं असेल, आला हा.

१ ऑक्टोबरला सामान आणलं. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबरातच पाडायला बंद झालेला, सगळी वाहतूक करी रोडच्या पुलावर. टेम्पोला शेवटच्या दीड किलोमीटरला पाऊण तास लागला. टेम्पोवाला शिव्या देत होता आणि अम्मी पुढच्या सीटवर बसून त्याला काळाचौकी कुठून जवळ पडते ते सांगत होती. बत्तीस वर्षांनी.

आता पाच महिने झाले. बायको चालत हॉस्पिटलात जाते. शेजारच्या काकू अम्मीबरोबर लालबागला मसाला कुटायला जातात, दोघींचं तिखटाच्या प्रमाणावरून भांडण आहे. नवव्या मजल्यावरचे एक गृहस्थ लिफ्टमध्ये आम्ही असलो की मोबाईल बघतात, अजून एकदाही मान वर केलेली नाही. मी रोज गुड मॉर्निंग म्हणतो. दारावर पाटी आहे, पूर्ण नावाची, दोघांच्या. ॲग्रीमेंट ३१ ऑगस्टला संपेल. काका पुढे देतील की नाही ते मला माहीत नाही. त्यांच्या मुलाच्या मनात घर विकायचं आहे असं कानावर आलंय. म्हणजे शीट पुन्हा उघडावी लागेल.

गेल्या महिन्यात त्याच ब्रोकरचा मला फोन आला. म्हणाला, इनामदार साहेब, एक डॉक्टर जोडपं आहे, तुमच्यातलंच. तुमच्या बिल्डिंगमध्ये सहावा मजला रिकामा आहे. चालेल का हो तिथे?

मी विचारलं, मालकाशी बोललात?

म्हणाला, नाही अजून.

तुमचे प्रश्न असतील तर घेऊ या.